बिदागी आणि मोल : चित्रकार राजा रविवर्मा

कमळावर उभी असलेली लक्ष्मी आणि वीणा घेऊन बसलेली सरस्वती यांच्या तसबिरी देवघरालगतच्या भिंतीवर नाहीत असे महाजन कुटुंब गोमंतकात, बेळगावात, बडोद्यात किंवा इंदुरात एके काळी शोधूनही सापडले नसते. कालांतराने काचेच्या आत ओल शिरली, कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या, तरी त्या तसबिरी उतरवून ठेवण्याचे कोणाच्या मनात आले नाही. या तसबिरी कोणा संस्थानिकाने वाटलेल्या नव्हत्या, की चित्रकाराने धर्मार्थ दिलेल्या नव्हत्या. घरातील कर्त्या पुरुषाने त्या बाजारातून रोख पैसे मोजून विकत आणलेल्या होत्या. ज्यांच्या कुंचल्यातून ही रूपे प्रथम उतरली त्या राजा रविवर्मा यांच्या आयुष्याचा पुष्कळसा भाग या एका साध्या गोष्टीभोवती फिरतो, हे मात्र फारसे ध्यानात घेतले जात नाही.

देवस्थानाच्या कारभाराशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध आला आहे, त्यांना दान देणे आणि मोल देणे यांतील भेद समजावून सांगण्याचे कारण नाही. कीर्दीत देणगीचे पान वेगळे असते, खरेदीचे वेगळे. उत्सवात कीर्तनकाराला किंवा गवयाला दिली जाते ती बिदागी, पालखीचे लाकूडकाम करणाऱ्या सुताराला दिली जाते ती मजुरी, आणि समयांच्या व्यापाऱ्याला दिली जाते ती किंमत. बिदागी किती असावी हे देणारा ठरवतो आणि घेणारा ती मस्तकी लावतो. किंमत दोघे मिळून ठरवतात आणि ती चुकती झाली की कोणी कोणाचा ऋणी राहत नाही. बिदागीत मान आहे खरा, परंतु त्या मानाची दोरी देणाऱ्याच्या हाती असते. उलट किमतीत व्यवहार आहे, मान नाही, असे समजण्याची जुनी रीत होती. कुलीन घराण्यात जन्मलेल्या माणसाने आपल्या हातच्या कलेचे मोल घेणे हे तर हलकेपणाचेच लक्षण मानले जाई. रविवर्मा यांचा जन्म नेमका अशा घराण्यात झाला होता.

त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी त्यांचा जन्म झाला. किळिमानूरच्या या घराण्याची जहागीर हीच मुळी एक देणगी होती. अठराव्या शतकात मार्तंड वर्मा महाराजांच्या कारकिर्दीत घराण्याने जी सेवा बजावली तिच्याबद्दल ही भूमी त्यांना करमुक्त मिळाली होती, आणि त्रावणकोरच्या राजघराण्याशी त्यांचे विवाहसंबंधही होते. वडील एळुमाविल नीलकंठन भट्टतिरिपाद हे संस्कृतज्ञ, तर आई उमयंबा तंपुराट्टी या स्वतः कवयित्री होत्या. मामा राजराज वर्मा यांना तंजावर पद्धतीची चित्रे काढण्याचा छंद होता. भाचा कोळशाने भिंती रंगवतो असे पाहून मामांनी त्याला रागावण्याऐवजी शिकवायला घेतले, अशी घराण्यातील आठवण सांगितली जाते. मोठ्या घरात चित्रकला ही अशी हौसेची गोष्ट म्हणून चालत असे, पोटासाठी मात्र ती कोणी करीत नसे.

चौदा वर्षांचे असताना, १८६२ साली, मामांनी त्यांना तिरुवनंतपुरमला नेऊन आयिल्यम तिरुनाळ महाराजांपुढे उभे केले. महाराज रसिक होते. त्यांनी मुलाला राहण्याची सोय करून दिली, राजवाड्यातील चित्रे आणि ग्रंथ पाहण्याची मुभा दिली, विलायती रंग मिळवून दिले. पुढे रविवर्मा यांनी जे काही केले त्याचा पाया या आश्रयाने घातला, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. तैलरंग त्या काळी दक्षिणेत दुर्मिळ होते आणि ते वापरण्याची विद्या त्याहून दुर्मिळ होती. दरबारी चित्रकार रामस्वामी नायडू यांनी ती या तरुणाला शिकवण्याचे नाकारले, कारण विद्या दिली तर आश्रयात वाटेकरी निर्माण होईल. नायडूंच्याच एका शिष्याने, आरुमुखम पिळ्ळै याने, रात्री चोरून थोडेबहुत सांगितले असे म्हणतात. १८६८ साली थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार महाराजांची चित्रे रंगवण्यास आला. त्यानेही शिकवले नाही, केवळ काम करताना पाहू दिले. दरबारी आश्रयावर जगणाऱ्यांची ही वृत्ती दुष्टपणाची होती असे म्हणता येत नाही. जेथे देणारा एकच असतो तेथे घेणारे एकमेकांचे वैरी होतात, त्यात नवल कसले?

महाराजांनी प्रसन्न होऊन रविवर्मांना वीरशृंखला दिली. हे सोन्याचे कडे योद्धे आणि विद्वान यांना मिळत असे, चित्रकाराला ते यापूर्वी मिळाले नव्हते. मानाच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट नव्हती. तथापि त्या काळात रंगवलेल्या त्यांच्या चित्रांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १८७५-७६ च्या हिवाळ्यात इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढील सातवे एडवर्ड, भारतात आले, तेव्हा त्रावणकोरच्या महाराजांनी त्यांना रविवर्मांची चित्रे नजराणा म्हणून दिली. चित्रकाराने महाराजांना दिले, महाराजांनी युवराजांना दिले. प्रत्येक पायरीवर कृतज्ञता वर चढत गेली. चित्राचे मोल किती, हा प्रश्न मात्र कोणी विचारलाच नाही. तो विचारणे असभ्यपणाचे ठरले असते.

तो प्रश्न रविवर्मांनी स्वतः याआधीच एकदा सोडवला होता. १८७० साली ते कोल्लूरच्या मूकांबिकेच्या दर्शनास गेले आणि तेथे एक्केचाळीस दिवसांचे व्रत त्यांनी केले. कोकण-कानडातील कुटुंबांना मूकांबिकेचे माहात्म्य वेगळे सांगावयास नको. विद्या आणि कला यांच्या उपासकांचे ते श्रद्धास्थान आहे. या यात्रेवरून परतताना कालिकत येथील सब-जज्ज किळक्के पालाट कृष्ण मेनन यांच्या कुटुंबाचे चित्र रंगवण्याचे काम त्यांना मिळाले, आणि त्याबद्दल त्यांनी मेहनताना घेतला. त्यांच्या आयुष्यातील ही पहिली विक्री. रक्कम मोठी नसेल, पण घटना मोठी होती. किळिमानूरच्या तंपुरानने एका सरकारी नोकराकडून कामाचे पैसे घेतले होते. देवीपुढे बसून त्यांनी काय मागितले हे कोणास ठाऊक नाही, परंतु तेथून उठल्यावर त्यांनी पहिले काम केले ते धंदेवाईक चित्रकाराचे, एवढे निश्चित.

पुढची पायरी म्हणजे प्रदर्शने. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात केशरचना करणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले, आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही त्यांचे काम वाखाणले गेले. १८७६ साली दुष्यंताला पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेचे चित्र मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतले. पदक आणि विक्री या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात, दोन्हींत चित्राची वाहवा होते. परंतु पदक देणाऱ्याला चित्र घरी न्यावे लागत नाही. पैसे देऊन जो चित्र घेतो तो आपल्या पसंतीची साक्ष आपल्याच खिशातून देतो. प्रदर्शनात मांडलेले चित्र कोण घेईल हे चित्रकाराला आधी ठाऊक नसते, त्यामुळे कोणा एकाची मर्जी सांभाळून ते रंगवावे लागत नाही. दरबारात वाढलेल्या तरुणाला हा अनुभव सर्वस्वी नवा होता.

१८८० साली आयिल्यम तिरुनाळ निवर्तले आणि गादीवर विशाखम तिरुनाळ आले. नवे महाराज स्वतः विद्वान होते, पण रविवर्मांशी त्यांचे जमले नाही. या बेबनावाच्या नाना कथा प्रचलित आहेत, त्या येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. एवढे मात्र खरे की, एका माणसाच्या कृपेवर उभे राहिलेले सारे त्या माणसाबरोबर गेले. वीरशृंखला राहिली, दरबार राहिला नाही. याच वेळी ज्याच्याजवळ प्रदर्शनांतून मिळालेले नाव आणि मोल घेऊन काम करण्याची सवय नाही असा चित्रकार असता, तर तो किळिमानूरला परतून शेताच्या उत्पन्नावर उरलेले आयुष्य काढता. रविवर्मा उत्तरेकडे निघाले.

उत्तरेचा हा मार्ग दाखवला तो एका मराठी माणसाने. सर टी. माधवराव यांचे घराणे तंजावरकडील मराठी देशस्थांचे. १८२८ साली कुंभकोणम येथे जन्मलेले हे गृहस्थ प्रथम त्रावणकोरचे, मग इंदूरचे आणि १८७५ पासून बडोद्याचे दिवाण झाले. मल्हारराव गायकवाडांच्या पदच्युतीनंतर विस्कटलेला बडोद्याचा कारभार त्यांनी मार्गी लावला आणि बाल सयाजीरावांना राज्यकारभारासाठी तयार केले. रविवर्मांना ते त्रावणकोरापासून ओळखत होते. सीतेच्या भूमिप्रवेशाचे चित्र त्यांनी बडोद्यासाठी घेतले, आणि १८८१ च्या अखेरीस सयाजीराव महाराजांना राज्याधिकार मिळाले त्या समारंभास चित्रकाराला पाचारण केले. रविवर्मा आपले धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांच्यासह बडोद्यात काही महिने राहिले आणि राजकुटुंबातील व्यक्तींची चित्रे त्यांनी रंगवली.

या धाकट्या बंधूंचे नाव येथेच आदराने घेतले पाहिजे. स्वतः उत्तम निसर्गचित्रकार असूनही त्यांनी थोरल्या भावाचे कारभारीपण पत्करले. पत्रव्यवहार, प्रवासाच्या सोयी, कामांचे करार, पैशांची वसुली, सारे ते पाहत. अनेक चित्रांत पार्श्वभूमीचे हातही त्यांचेच आहेत. त्यांनी लिहून ठेवलेली इंग्रजी रोजनिशी नसती तर या बंधूंच्या व्यवसायाविषयी आज फारच थोडे कळले असते. मोल घेऊन कला करावयाची तर कोणीतरी वही ठेवावी लागते, आणि वही ठेवणाऱ्याचे नाव चित्राखाली येत नाही.

बडोद्याशी जडलेल्या संबंधाचे खरे फळ पुढे मिळाले. १८८८ साली सयाजीराव महाराजांची उटकमंड येथे भेट झाली आणि नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारत व पुराणे यांतील प्रसंगांची १४ चित्रे रंगवण्याचे काम ठरले. मोबदला रुपये ५०,०००. एका चित्रामागे साडेतीन हजारांहून काहीसे अधिक पडले. त्या काळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती. परंतु रकमेपेक्षाही व्यवहाराचे स्वरूप महत्त्वाचे. महाराज प्रसन्न होऊन काही देणार आणि चित्रकार ते स्वीकारणार, असे हे नव्हते. चित्रे किती, विषय कोणते, रक्कम किती, हे दोन्ही बाजूंना आधी ठाऊक होते. सयाजीराव दानशूर म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांनी कित्येक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या, ग्रंथांना साहाय्य केले. पण उत्तम काम उत्तम किमतीत विकत घेणे हाही कलेवरचा उपकारच आहे, किंबहुना तो उपकार न वाटू देणारा उपकार आहे, हे त्यांनी ओळखले होते असे या व्यवहारावरून दिसते.

चित्रांना हात घालण्यापूर्वी दोघे बंधू उत्तर हिंदुस्थानात पुष्कळ हिंडले. पुराणांतील स्त्रीपुरुषांना कोणता वेष द्यावा हा त्यांच्यापुढील प्रश्न होता, कारण प्रत्येक प्रांताचा पेहराव निराळा. अखेर साडी नेसलेली नायिका त्यांनी निश्चित केली, आणि तिच्या नेसणीत मराठी वळण ठिकठिकाणी ओळखू येते. नल-दमयंती, विश्वामित्र-मेनका, हरिश्चंद्र-तारामती, शंतनू-मत्स्यगंधा, अर्जुन-सुभद्रा, द्रौपदीवस्त्रहरण, कंस-माया अशी ही चित्रे १८९० मध्ये पूर्ण झाली. ती प्रथम त्रिवेंद्रमला, मग मुंबई आणि बडोद्याला लोकांना पाहावयास मांडली गेली, तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली. पुराणकथा कीर्तनांतून ऐकलेल्या होत्या. त्यांतली माणसे अशी रक्तामांसाची, शेजारच्या घरात दिसावीत तशी, कोणी पाहिली नव्हती. आणि मग सारी चित्रे राजवाड्यात गेली. जी पाहण्यासाठी गर्दी लोटली ती आता महाराजांच्या पाहुण्यांना दिसणार होती.

हेच तैलचित्राच्या विक्रीचे मर्म आहे. चित्र एक, मालक एक. मोल कितीही मिळाले तरी ते देण्याची ऐपत मूठभर लोकांची असते, आणि ज्यांची ऐपत नाही त्यांना दारातून परत जावे लागते. माधवरावांनी ही अडचण फार पूर्वी हेरली होती. मागणी इतकी मोठी आहे की एका हाताने ती पुरी होणार नाही, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या तैलमुद्रा, म्हणजे ओलिओग्राफ, काढून घ्याव्यात असे त्यांनी रविवर्मांना सुचवले होते. रविवर्मांनी ही सूचना स्वीकारली, पण चित्रे बाहेर पाठवण्याऐवजी छापखानाच येथे आणण्याचे ठरवले. मुंबईचे व्यापारी गोवर्धनदास खटाव मखनजी यांना भागीदार घेऊन १८९४ साली गिरगावात छापखाना सुरू झाला. यंत्रे जर्मनीहून आली, कारागीरही तिकडूनच आले.

देवादिकांची छापील चित्रे यापूर्वी मिळत नव्हती असे नाही. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासूनच ती काढली होती. परंतु तैलमुद्रेचे काम फार किचकट. मूळ चित्रातला प्रत्येक रंग निराळा काढून त्यासाठी निराळी शिळा तयार करावयाची, मग एकाच कागदावर एकामागून एक रंग असा छापावयाचा की कोठेही सूतभर सरकता कामा नये. शेवटी वरून रोगण देऊन तैलचित्राची झाक आणावयाची. अशा रीतीने प्रथम शकुंतलाजन्माचे चित्र निघाले, पाठोपाठ लक्ष्मी, सरस्वती आणि इतर देवदेवता निघाल्या. कारकून, शिक्षक, दुकानदार यांच्या घरांत जी वस्तू कधीच आली नसती ती आली.

येथे एक गोष्ट विशेष रीतीने सांगितली पाहिजे. रविवर्मांच्या त्रावणकोरात मंदिरांची दारे सर्व हिंदूंना खुली झाली ती १९३६ च्या घोषणेने, त्यांच्या मृत्यूनंतर तब्बल तीस वर्षांनी. इतरत्रही परिस्थिती फारशी निराळी नव्हती, आणि देवस्थानांशी संबंधितांनी ते विसरू नये. बाजारात टांगलेल्या लक्ष्मीच्या तसबिरीने मात्र घेणाऱ्याची जात विचारली नाही. ज्याने पैसे मोजले त्याच्या घरी ती गेली. दान देताना पात्रापात्र पाहण्याची चाल आहे, तशी विक्रीत नाही. नाणे सर्वांचे सारखेच वाजते. रविवर्मांनी ही गोष्ट सुधारणेचे ध्येय म्हणून केली असा दावा करण्यास आधार नाही. ते व्यवसाय करीत होते. पण व्यवसायाने जे घडवले ते घडले.

या चित्रांसाठी मुंबईत ज्यांनी बैठका दिल्या त्यांत गोमंतकाचाही वाटा होता. गोव्यातील मालपे येथे १८८३ साली जन्मलेल्या आणि पुढे गायिका म्हणून कीर्ती पावलेल्या अंजनीबाई मालपेकर यांचा चेहरा रविवर्मांच्या काही चित्रांना आधारभूत झाला, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप त्यांना मिळाली. देवीची तसबीर पुजणाऱ्या घरांत कलावंतिणीच्या घरच्या मुलीला कोणते स्थान होते, हा विषय निराळा आहे, आणि तो महाजन कुटुंबांना अपरिचित नाही.

१८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात भारतीय स्त्रीजीवनाची दहा चित्रे जाऊन त्यांना पदके मिळाली होती. नावाचा बोलबाला झाला होता. असे असता छापखाना तोट्यात का गेला, असा प्रश्न पडतो. कारणे एकाहून अधिक होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, कामगार पांगले. छापखाना गिरगावातून घाटकोपरला आणि तेथून लोणावळ्याजवळ मळवलीला हलवावा लागला. भागीदारी टिकली नाही. देणी साठत गेली, आणि ती भागवण्यासाठी दोघे बंधू पुन्हा संस्थानिकांच्या दारी व्यक्तिचित्रांची कामे करीत हिंडू लागले. शिवाय चित्र लोकप्रिय झाले की त्याच्या नकला निघत. चित्रकाराच्या हक्काचे रक्षण करणारा पुरेसा कायदा त्या वेळी या देशात नव्हता. स्वामित्वहक्काचा १९१४ चा कायदा आला तेव्हा रविवर्मा हयात नव्हते. घेणाऱ्याने पैसे मोजले, पण ते चित्रकारापर्यंत पोहोचलेच असे नाही. हजारो घरांत तसबिरी गेल्या, त्यांतल्या कित्येक त्यांच्या छापखान्यातून आलेल्याच नव्हत्या.

संस्थानिकांच्या दारीही अनुभव एकसारखा नव्हता. उदेपूरला १९०१ साली सन्मानाने काम मिळाले. १९०२ साली ते हैदराबादेस गेले, नामांकित छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या साहाय्याने निजामाकडून मोठे काम मिळेल अशी आशा होती, आणि बराच काळ वाट पाहून दोघे बंधू निराश होऊन परतले. पन्नाशी ओलांडलेला, देशभर कीर्ती पावलेला चित्रकार दरबारी बोलावण्याची वाट पाहत बसला आहे, हे चित्र तरुणपणच्या त्रिवेंद्रमची आठवण करून देणारे आहे. फरक इतकाच की या वेळी तो नाकारला गेला तरी उपाशी राहणार नव्हता, निघून जाण्यास मोकळा होता, आणि गेलाही.

अखेर छापखाना विकावा लागला. त्यातलेच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांनी तो घेतला. १९०३ पर्यंत हा व्यवहार पुरा झाला होता. छापखान्याबरोबर ८९ चित्रे छापण्याचा हक्कही गेला, आणि या सर्वांची किंमत आली सुमारे २५,००० रुपये. बडोद्याच्या १४ चित्रांना जे मिळाले त्याच्या निम्मी. यंत्रे आणि शिळा यांचे मोल शून्य धरले तरी एका चित्राच्या छपाईच्या हक्काला तीनशे रुपयेही पडले नाहीत. त्यानंतर लक्ष्मी किती छापली गेली, सरस्वती किती, याच्याशी चित्रकाराचा आर्थिक संबंध उरला नाही. चित्र विकणे एक, चित्र छापण्याचा हक्क विकणे दुसरे. पहिल्यात एक वस्तू हातची जाते, दुसऱ्यात पुढच्या सगळ्या वस्तू जातात. व्यवहार सरळ होता, दोघांच्या संमतीने झाला होता, कोणी कोणाला फसवले नव्हते. तरीही त्यात कलावंताचे किती गेले हे पुढच्या अर्धशतकात दिसून आले. श्लायशर यांनी छापखाना उत्तम चालवला आणि रविवर्मांचे नावही तसेच ठेवले. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी चित्रपटात येण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते, हे येथे जाता जाता नमूद करावे.

या विक्रीबद्दल रविवर्मांना दोष देणारे पुष्कळ झाले. त्यांच्या मृत्यूनंतर लवकरच बंगालकडील नव्या कलापंथाने आणि आनंद कुमारस्वामींसारख्या विद्वानांनी त्यांच्या कलेवर कठोर टीका केली. ती पाश्चात्त्य वळणाची आहे, नाटकी आहे, देवतांना तिने सामान्य केले, असे आक्षेप घेतले गेले. त्यांतल्या काहींत तथ्य आहे. दरबारी चित्रांतल्या काही आकृती खरोखरच रंगमंचावर उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. पण चित्र घरोघर विकले गेले म्हणून ते हिणकस, हा जो सूर या टीकेत मिसळलेला आहे तो मान्य करण्याचे कारण नाही. ग्रंथाच्या हजार प्रती खपल्या म्हणून ग्रंथकाराला कोणी हलका म्हणत नाही.

१९०४ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. त्या वेळी त्यांच्या नावामागे राजा हे पद लावले गेले, आणि ते त्यांना कायमचे चिकटले. ज्यांनी सारे आयुष्य राजांच्या देणगीपेक्षा त्यांच्याशी करार करणे पसंत केले, त्यांना शेवटी राजा म्हणूनच जग ओळखू लागले, हा एक चमत्कारिक योग होय. १९०५ च्या प्रारंभी धाकटे बंधू राजराज वर्मा वारले. पत्नी भागीरथीबाई १८९१ मध्येच गेल्या होत्या. वही सांभाळणारा हात गेल्यावर रविवर्मा खचले, मधुमेहाने शरीर पोखरले. तरीही म्हैसूरच्या महाराजांनी सांगितलेली पौराणिक चित्रे हाती होती, ठरलेले काम अर्धवट टाकणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि ती पुरी करण्यासाठी ते अखेरपर्यंत झटले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे, जेथे कोळशाने भिंती रंगवल्या तेथेच, त्यांनी देह ठेवला.

मळवलीचा छापखाना पुढे कित्येक वर्षे चालला. १९७२ साली त्याला आग लागली आणि उरलेल्या शिळा, छापील चित्रे यांचा मोठा साठा भस्मसात झाला. १९७९ मध्ये भारत सरकारने रविवर्मांची चित्रे राष्ट्रीय कलानिधी म्हणून जाहीर केली, त्यामुळे मूळ चित्र आता देशाबाहेर विकता येत नाही. बडोद्याची चित्रे लक्ष्मीविलास राजवाड्यात आहेत, आणि तिकीट काढून ती पाहता येतात.